मलिद्याखालच्या कमेंट

माझ्या आईचा व्हिडिओ मला पहिल्यांदा दाखवला तो माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाने, आणि दाखवताना तो हसत होता. साकीनाक्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथे माल पाठवण्याचं काम मी बघते. जेवणाची सुट्टी होती, डबे उघडलेले होते. तो म्हणाला, "हे बघ ना यार, ज्यू लोक आणि ते पण कोकणात! आजीबाई पोहे भिजवतायत, आणि खाली पब्लिकने कसलं धुतलंय!" मी मान पुढे करून बघितलं तर आमचंच स्वयंपाकघर. आमचा ओटा, आमची खोवणी, आणि हिरव्या काठाच्या पातळात माझी आई.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

तो आधी आणखी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू आवरलं. "अगं पण, तू तर अलिबागकडची ना?"

"तीही अलिबागकडचीच आहे."

त्याला ते झेपेना. त्याची तरी काय चूक म्हणा! आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज कधीतरी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथेच राहिले, घाण्यावर तेल काढायला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. एवढीच काय ती आमची ओळख. आडनावं आमची गावांची, शेवटी 'कर' लागलेली, त्यामुळे नावावरून कुणाला पत्ता लागत नाही. आणि पत्ता लागत नाही म्हणून लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलतात. शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी 'जगाचा कारभार पडद्यामागून कोण चालवतं' असलं काहीतरी ढकलते, दुसरी त्याखाली अंगठा दाखवते, आणि तिसरी विचारते, उद्या नाश्त्याला काय? मी ते सगळं कितीतरी वर्षं वाचत आलेय. पण ते कुणा लांबच्या, न बघितलेल्या 'ज्यू' माणसाबद्दल असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या आईच्या तोंडाखाली लिहिलेलं होतं.

डबा तसाच झाकून मी माझ्या फोनवर तो व्हिडिओ शोधला.

आधी त्या व्हिडिओचं सांगते. आम्ही नाहूरला राहतो, जुन्या चार मजली बिल्डिंगीत. आजूबाजूला सगळी कोकणातली माणसं, बहुतेकांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते. समोरच्या दारात एक मालवणी कुटुंब आहे. त्या घरातली सासू आणि माझी आई यांचं मैत्र माझ्या लग्नाच्याही आधीचं. आई कोळंबी, खेकडे खात नाही, आमच्यात चालत नाहीत, हे तिला इतकं पाठ की बाजारातून येताना ती आईसाठी न विचारता खवल्यांचा मासा वेगळा आणते. तिची सून तिशीतली, हसरी, खटपटी. घरबसल्या जेवणाचे व्हिडिओ करते. फणसाची भाजी, घावणे, सोलकढी, असलं सगळं. बघणारे बेताचेच.

गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा चालेल की नाही अशी अवस्था होती तेव्हा तिने मलिदा बोलला होता. हा आमचा मलिदा म्हणजे राजकारणातला नव्हे, नवस फेडण्याचा. पोहे धुऊन भिजवायचे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. मोठ्या ताटात त्याचा डोंगर करायचा, भोवती फळं मांडायची, सुगंधाला सब्जाची पानं आणि गुलाब ठेवायचा, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे त्याला दहा पुरुष जमावे लागतात. आमचे बरेचसे लोक इस्रायलला निघून गेले, तेव्हा दहा जण गोळा करणं हे हल्ली ऑपरेशनपेक्षा अवघड. माझ्या मामेभावाने ठाण्याहून जमवले होते. रविवार ठरला होता.

आई काठी टेकत चालायला लागली आणि समोरची सून म्हणाली, "आजी, मलिदा करून दाखवा ना मला, मी शूट करते." आई खूश. पातळ बदलून आली. पोहे भिजवता भिजवता तिने गलबत, घाणा, शनिवार सगळं सांगितलं. आणि शेवटी तिचं ते वाक्य. हे वाक्य आई गॅसवाल्यापासून हाडांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवते: "जगात सगळीकडून आमच्या लोकांना हाकललं, मारलं. पण इथे आमच्या केसाला कुणी धक्का लावला नाही."

त्या वाक्याच्या बरोबर खाली कमेंट सुरू होत होत्या.

'यात रक्त कुणाचं घातलंय आजी?' ही वरतीच. युरोपातल्या कुठल्या तरी गावात शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी 'ज्यू लोक सणाच्या जेवणात मुलांचं रक्त घालतात' ही घाण उठवली, तिच्यापायी घरंच्या घरं जाळली गेली, आणि ती फिरत फिरत शेवटी माझ्या आईच्या पोह्यांवर येऊन बसली. त्याखाली हसणारे चेहरे. 'तेल काढायचे काय, आता कळलं तेलाचा धंदा कुणाच्या हातात.' माझ्या पणजोबांकडे एक बैल आणि एक लाकडी घाणा होता. 'त्या जर्मनाने काम अर्धं सोडलं.' हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या फोटोत मांडीवर लहान मुलगी घेतलेली होती.

आणि दुसऱ्या जातीच्या कमेंट, ज्यांच्यावर मी आनंदी व्हावं अशी अपेक्षा असते. 'आजी, तुमचे लोक एक नंबर! तिकडे कसलं झोडलंय त्यांना! इकडे पण असंच पाहिजे.' माझ्या आईच्या बाळंतपणाला तिच्या आईला हात द्यायला जी बाई आली होती ती शेजारची मुसलमान खाला होती. ते आई आम्हाला हजारदा सांगत आलीये. तिच्या पोह्यांच्या ताटावर चढून त्या खालाच्या नातवंडांना शिव्या देणारे हे माझे चाहते! असल्या प्रेमाला आग लागो.

आता इस्रायलच्या युद्धाचं. मला माहीत आहे, हे वाचताना कुणीतरी मनात म्हणणारच, पण तिकडे काय चाललंय ते बघा. बघितलंय. तिथल्या ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलांचे फोटो बघून मी रडलेय, आणि दोन्हीकडच्या आयांसाठी रडलेय. त्यावर माझी मतं आहेत आणि ती मी माझ्या नातेवाइकांशी भांडून मांडते. पण त्या व्हिडिओखाली माझ्या आईला कुणी तिचं मत विचारलं नव्हतं. ती का जिवंत आहे, एवढंच विचारलं होतं. आणि सगळं मराठीत. शुद्ध, झकास, आपल्या मराठीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मी चप्पलही न काढता समोरच्या दारात गेले. सून उड्या मारायच्या बेतात होती. "काकू, बघितलंत? माझा एवढा कधीच चालला नव्हता!"

"कमेंट वाचल्यास का तू?"

"वाचल्या ना. घाणेरडे आहेत काही लोक. पण काकू, ते सगळ्यांनाच लिहितात. मला पण जाडी म्हणतात. उलट त्यानेच पुढे जातो व्हिडिओ."

"तुला जाडी म्हणतात. माझ्या आईला जाळा म्हणतायत."

तिचा चेहरा उतरला. काढते म्हणाली. नंतर म्हणाली, उद्या काढते, जरा ह्यांना विचारते. तिच्या डोळ्यांत मला वाईटपणा दिसला नाही, हेच माझ्या डोक्यात गेलं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं आणि ते सोडवत नव्हतं.

घरात आले तर आई पलंगावर टेकून बसलेली. "आलीस? मी फेमस झाल्येय म्हणे. वाच की, काय लिहिलंय लोकांनी."

आईला फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी फोन हातात धरला, आणि वाचायला लागले.

"एकीने लिहिलंय, आजी किती गोड आहेत."

"कोण गं?"

"चिपळूणची आहे. आणि एक म्हणतो, आम्हाला आमच्या आजीची आठवण आली."

"बघ." आईने पदर सारखा केला. "अजून?"

समोर 'यात रक्त कुणाचं' दिसत होतं आणि मी म्हटलं, "यात साखर किती घातली, असं विचारलंय." खोटं बोलायला मी इतकी पटाईत आहे हे मलाही माहीत नव्हतं. आत राग मावत नव्हता, आणि तोंडातून गोड गोड माणसं निघत होती. चिपळूणची, देवरुखची, दापोलीची. अख्खं कोकण मी तिच्यासाठी पलंगाशी आणून उभं केलं. सुनेचा 'उद्या' काही उजाडला नाही, आणि रोज संध्याकाळी आई आणखी मागायची.

पुढची चूक मात्र फक्त आमच्याच घरात होऊ शकते. आमच्याकडे घरचं कार्य म्हटलं की दार उघडं, शेजारीपाजारी सगळे आत, बोलावण्याची वेगळी गरज नाही. पण ज्याने आपल्या ताटाचं कौतुक केलं त्याला न बोलावणं हा आईच्या हिशेबी उद्धटपणा. मी कामावर गेले असताना तिने सुनेला हाक मारली आणि सांगितलं, एवढी माणसं चौकशी करतायत, त्यांना आमंत्रण नको? सुनेला काय कळेना. मी आईला काय वाचून दाखवते हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, आजींनी सगळं वाचलंय आणि त्यांना आता लोकांची तोंडं गोड करायची आहेत. भारीच कल्पना आहे म्हणून तिने ते शूटही केलं. दुसरा व्हिडिओ. आई हात जोडून सांगतेय, "या हं सगळे. रविवारी मलिदा आहे. नाहूर स्टेशनला उतरा आणि..." पुढे रस्ता, बिल्डिंगचं नाव, मजला. सगळं.

तो मी कारखान्यात बघितला. तिथेच खाली बसले, खोक्यांच्या थप्पीला टेकून. खाली पहिलीच कमेंट होती: 'येतो आजी. काडेपेटी घेऊन.'

मी फोन केल्यावर सुनेने रडत दोन्ही व्हिडिओ काढले. पण तोवर लोकांनी ते उतरवून घेतले होते आणि आपापल्या नावाने टाकले होते. पोलिसात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, एक शिपाई फेरी मारेल म्हणाले. मग विचारलं, "ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना मॅडम?"

शुक्रवारी संध्याकाळी आई डोक्यावर पदर घेऊन दिवा लावत होती तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आले. शांत, भला माणूस. गणपतीत आमच्याकडून वर्गणी घेताना हक्काने घेतो. दिवा लावून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आजी, सगळ्यांचं असं मत पडलं की यंदा मलिदा घरी नको. ठाण्याला तुमच्या देवळात करा ना. आणि दाराच्या चौकटीवरची ती तुमच्या प्रार्थनेची डबी थोडे दिवस काढून ठेवली तर बरं. बिल्डिंगीत लहान मुलं आहेत. लोक काय काय लिहितायत, तुम्ही वाचलंच असेल."

मी त्यांना डोळ्यांनी गप्प करायला बघत होते. उशीर झाला होता.

"काय लिहितायत?" आईने विचारलं. त्यांना नाही, मला.

सेक्रेटरी चपला घालून गेले. मी म्हटलं, "आई, जाऊ दे."

"वाच."

मी वाचलं. पहिली, दुसरी, काडेपेटीची. आवाज चढत गेला माझा, जणू मी तिच्यावरच ओरडत होते. आई ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"हे मराठीत लिहिलंय?"

"हो."

"आपल्या मराठीत? का कुठल्या तिकडच्या?"

"आपल्या," मी म्हटलं. "'गे आये' पण लिहिलंय एकाने."

ती दिव्याकडे वळली. मग म्हणाली, "आणि ती चिपळूणची?"

मी फोन पालथा ठेवला. तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "पोहे ठरल्याएवढेच भिजव," ती म्हणाली. "बोलावलंय मी. आणि चौकटीला हात लावायचा नाही."

शनिवारी सूर्य मावळल्यावर मामेभावाचे फोन सुरू झाले. एकाचा मुलगा म्हणतो नका जाऊ. एकाच्या ऑफिसात कुणाला माहीतच नाही तो कोण आहे ते, आणि कळायला नको आहे. एकाने सरळ फोन उचलला नाही. मी त्यांनाही शिव्या घातल्या, मनात नव्हे, मोठ्याने. शांत झाल्यावर वाटलं, त्यांना तरी काय बोलायचं? मीही शाळेच्या ग्रुपवर गप्पच बसत होते ना. पण राग काही न्याय करून येत नाही.

रविवारी दार उघडं ठेवलं. आईचा हट्ट. खाली शिपाई आला, चहा पिऊन गेला. काडेपेटीवाला आला नाही. कुणीच आलं नाही. असले शूर लोक जिने चढत नाहीत, अंथरुणात पडून अंगठ्याने लढतात. ठाण्याहून आले ते दहा नव्हतेच, त्यामुळे दहा जणांनी म्हणायचं तेवढं राहिलं, बाकीचं त्यांनी म्हटलं. म्हातारे गळे होते, पण वर टिपेला गेले. समोरची सून आली होती. फोन घरी ठेवून. खाली मान घालून खोबरं खोवत बसली, आणि मी तिच्याशी एक शब्दही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, माझं अजून ठरलेलं नाही.

ताट मात्र तसंच राहिलं, अर्ध्याच्या वर. दर वेळी आमच्या मलिद्याला घरात उभं राहायला जागा नसते. मजल्यावरची पोरं दोन-दोनदा येऊन खातात. त्या रविवारी जिन्यात पावलं वाजायची, आमच्या दाराशी जरा हळू व्हायची आणि पुढे जायची. वरच्या मजल्यावरच्या एकाने तर उघड्या दारातून आत बघितलं, ओळखीचं हसला आणि गेला.

"वाट्या भर," आई म्हणाली. "दारोदार दे."

मी म्हटलं, "कशाला? नको तिथे कशाला?"

"प्रसाद आहे. दे."

मी गेले. कुणी घेतली, पटकन, दार अर्धवट उघडून. कुणी म्हणालं, अहो येणारच होतो, पाहुणे आले. सेक्रेटरींच्या बायकोने दोन्ही हातांनी घेतली आणि रडवेली झाली, पण जिन्याकडे नजर ठेवून. शेवटी समोरचं दार. आईच्या मैत्रिणीचं. बेल वाजवली. तिने साखळी न काढता फटीतून बघितलं.

"बाय, वायट वाटून घेव नको," ती म्हणाली. "आज माझो उपास आसा."

आतून बांगडा तळल्याचा वास येत होता. इतका खमंग, की तो आमच्या घरापर्यंत, ताटापर्यंत जात होता. तिलाही कळलं की मला आलाय. दार हळूच बंद झालं.

मी वाटी घेऊन परत आले. सुनेने वर बघितलं नाही. आईने वाटी बघितली.

"घेतलं नाही?"

"उपास आहे म्हणाली."

आईने एक लांब श्वास घेतला. त्या वासाने भरलेला. आयुष्यभर त्या घरचा मासा तिने खाल्लाय, तिला बांगडा ओळखायला सांगायला नको. तिने वाटीतले पोहे परत ताटात ओतले, चमच्याने डोंगर नीट केला आणि मला विचारलं,

"ही लोकं कुणाला भ्याली गं? त्या लिहिणाऱ्यांना, का आपल्याला?"

रोज संध्याकाळी तिच्यासाठी मी हवी तशी उत्तरं रचली होती. या वेळी मी रिकामी वाटी धुवायला घेतली.